शिलाई मशीनमध्ये सायकलचे छर्रे: शोधांची वंशावळ की सोयरीक?

जुना_फिटर (बडोदा), शनिवार, रात्री ९:१०

आत्याचं पायमशीन दिवाळीपासून बंद होतं. पायडल मारलं की करकर आवाज यायचा आणि मोठ्या चाकाला जोडलेला उभा दांडा हेलकावे खायचा. शेवटी मांडवीकडचा एक मिस्त्री घरी आला. त्या दांड्याच्या वरच्या टोकाला एक वाटी असते, तिच्यात सुटे छर्रे असतात. उघडलं तर काही गळून गेलेले, बाकीचे झिजलेले. मशीनचे छर्रे कुठून तरी मागवावे लागणार असं मी धरून चाललो होतो. हा गडी म्हणाला, "समोर सायकलवाला आहे ना." पाच मिनिटांत कागदाच्या पुडीतून सव्वा सुताचे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) छर्रे आले, बोटभर ग्रीस लागलं आणि मशीन चालू. एक बारीक कट् असा आवाज राहिला आहे. तो 'बसेल' म्हणाला.

माझी सगळी नोकरी इथल्या माणेजाच्या बेअरिंग कारखान्यात झाली. छर्रा हा माझ्या पोटापाण्याचा विषय, पण सायकलचा छर्रा शिलाई मशीनला निमूट बसतो हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. मग दोन आठवडे वाचत बसलो.

ही ओळख फार जुनी निघाली. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या शिलाई मशीन कारखान्याने १८६९ च्या सुमाराला सायकली करायला घेतल्या. अमेरिकेत १८७८ मध्ये अल्बर्ट पोपला सायकली बनवून हव्या होत्या, तर तो हार्टफर्डच्या वीड शिलाई मशीन कंपनीत गेला. का? बारीक, एकसारखे पोलादी भाग हजारोंनी काढायची यंत्रं आणि तसे हात त्यांच्याकडे होते. आणि शिलाई मशीनवाले हे शिकले बंदुकांच्या कारखान्यांत, जिथे एका बंदुकीचा घोडा दुसरीला बसला पाहिजे ही सक्ती होती. हेन्री लेलँड नावाचा माणूस बघा: आधी बंदुकांचा कारखाना, मग ब्राउन अँड शार्पमध्ये शिलाई मशीनचं काम, आणि १९०२ मध्ये कॅडिलॅक मोटारी. जर्मनीत ओपेल: १८६२ मध्ये शिलाई मशीन, १८८६ मध्ये सायकल, १८९९ मध्ये मोटार.

छर्र्याचंही तसंच. पोलादी छर्रे अचूक गोल घासायचं यंत्र जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिख फिशरने १८८३ मध्ये केलं, आणि त्या छर्र्यांना मोठं गिऱ्हाईक मिळालं ते सायकलचं. एफएजी या बेअरिंग कंपनीच्या नावातला एफ तोच फिशर, आणि ती कंपनी पुढे आमच्या माणेजाला आली. म्हणजे मी जन्मभर ज्या घरचं मीठ खाल्लं ते घर सायकलीच्या जिवावर उभं राहिलेलं.

आपण शोधांच्या वंशावळी काढतो: अमक्याचा बाप तमका. पण वंशावळीत फांद्या फुटतात, परत एकमेकींना मिळत नाहीत. इथे बंदूक, शिलाई, सायकल, मोटार सगळ्यांच्या घरात एकमेकांच्या लेकी दिल्या-घेतल्या आहेत. मला ही सोयरीक वाटते. तुम्हाला काय वाटतं?

शिवणवेडी, शनिवार, रात्री ९:५२

काका, धागा आवडला (शिवणकामाचाच आहे, म्हणून तुटू देणार नाही).

मशीन उघडलंच आहे तर सुईही बघा. हाताच्या सुईचं नेढं मागे असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. सगळी किमया तिथे आहे. टोकाशी नेढं असल्यामुळे सुईला पूर्ण आरपार जावं लागत नाही. ती कापडाखाली दोऱ्याचा एक फास सोडते, त्यातून खालचं शटल बॉबिनचा दोरा नेतं, आणि सुई परत वर. हाताच्या शिवणीची नक्कल करत बसलेल्यांना मशीन जमलं नाही. दुसरा दोरा नेणारं हे शटल विणकराच्या मागावरून आलं. म्हणजे तुमच्या सोयरिकीत मागाचंही घर धरा.

आणि दाते! कापड दाबणाऱ्या फूटखालचे ते खरखरीत दाते सुई वर असतानाच कापड पुढे ढकलतात, सुई आत असताना खाली दडून बसतात. वर, पुढे, खाली, मागे. ॲलन विल्सनने १८५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या काही मशिनींत कापड टाचण्यांनी पट्टीला अडकवायचे. पट्टी संपली की थांबा, परत अडकवा. सरळ शिवणीपलीकडे काही जमायचं नाही.

शंकासुर, शनिवार, रात्री १०:३०

छान आहे, पण मला हे ज्योतिषासारखं वाटतं. घटना घडून गेल्यावर पत्रिका जुळवायची. मागे वळून बघितलं की कुठल्याही दोन गोष्टींत रेघ ओढता येते. उद्या कोणी म्हणेल वरवंट्यापासून रॉकेट निघालं. ज्या जुळल्या नाहीत त्या सोयरिकी कोण मोजतंय?

फ्रेमवाला (बडोदा), शनिवार, रात्री ११:०५

शिवणवेडी ताईंनी दात्यांचं लिहिलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. सिनेमाच्या यंत्रातली मुख्य अडचण काय होती? फिल्म सतत सरकली तर पडद्यावर नुसता राबडा दिसतो. प्रत्येक चित्र क्षणभर थांबलं पाहिजे, मग झाकण पडलेलं असताना झटकन पुढे गेलं पाहिजे. लुई ल्युमिएरला ही युक्ती सुचली ती शिलाई मशीनवरून, कापड थांबत थांबत सरकतं त्यावरून. त्याच्या १८९५ च्या यंत्रात एक आकडा फिल्मच्या भोकांत शिरतो, एक घास ओढतो, बाहेर येतो, वर जातो. ताईंचे दातेच ते.

आता बडोद्याचं. दादासाहेब फाळके आपल्या कलाभवनात, म्हणजे इथल्या कला आणि तंत्र शिकवणाऱ्या संस्थेत, शिकले. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले, आणि सोबत फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही आणलं, कारण कच्ची फिल्म भोकं न पाडता यायची. मला ही गोष्ट कॅमेऱ्यापेक्षा जास्त आवडते. नवीन यंत्र एकटं येत नाही. त्याच्या पाठीला दहा किरकोळ वस्तू बांधलेल्या असतात, आणि त्यातली एक राहिली की ते यंत्र म्हणजे पेटीत ठेवलेला दागिना.

पेटंट_वाचक (पुणे, मूळ बडोदा), रविवार, सकाळी ८:१५

माझं रोजचं कामच पेटंट शोधून वाचण्याचं, म्हणून थोडं लांब लिहितो.

जुना_फिटर काका ज्याला सोयरीक म्हणतात ती मोजायचे प्रयत्न झाले आहेत. १९४७ पासून अमेरिकी पेटंटवर आधीच्या कुठल्या पेटंटांशी संबंध आहे त्याची यादी छापतात. प्रत्येक पेटंट म्हणजे एक ठिपका, प्रत्येक संदर्भ म्हणजे एक रेघ. १९७५ ते १९९९ या २५ वर्षांचाच जो संच अभ्यासक वापरतात त्यात सुमारे १ कोटी ६० लाख रेघा आहेत. चित्र काढलं तर झाड दिसत नाही, जाळं दिसतं. तेही सगळीकडे सारखं विणलेलं नाही. बहुतेक पेटंटांकडे फारसं कोणी फिरकत नाही, आणि मोजक्या काही पेटंटांवर रेघांची झुंबड. ज्याच्याकडे आधीच चार जण येऊन गेले त्याच्याकडे पाचवा येण्याची शक्यता जास्त. डेरेक प्राइसने १९७६ मध्ये शोधनिबंधांच्या संदर्भांसाठी याचं गणित मांडलं होतं. लग्नाच्या बाजारात नाव झालेल्या घराकडेच स्थळं येतात, तसं.

पण शंकासुर, तुमचा मुद्दा माझ्या कामात रोज भेटतो. रेघ म्हणजे नातं, असं नसतं. कित्येक संदर्भ शोधकाने दिलेलेच नसतात, पेटंट तपासणारा अधिकारी जोडतो. २००१ पासून असे संदर्भ चांदणी (*) लावून वेगळे दाखवतात. शोधकाने ते जुनं पेटंट आयुष्यात पाहिलेलंही नसेल. आणि वकील मंडळी कधी कधी मुद्दाम ढीगभर संदर्भ लावतात. म्हणून नुसती रेघ बघून 'हे त्याच्यापासून निघालं' म्हणणाऱ्यावर मीही विश्वास ठेवत नाही.

तरी पत्रिका मागाहून जुळवलेली नाही हे तपासायची एक पद्धत आहे. एकच शोध दोनदा लागलेला शोधायचा, आणि पहिल्यांदा का मेला ते बघायचं.

हवा भरलेल्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये घेतलं. बग्गीला लावून दाखवलंही. लोक विसरून गेले. १८८८ मध्ये डनलॉपने तेच परत शोधलं, मुलाच्या तीनचाकीसाठी, आणि काही वर्षांत हवेच्या टायरशिवाय सायकल दिसेनाशी झाली. थॉमसनच्या वेळी काय कमी होतं? कल्पना नव्हे, शेजार. रबर टिकाऊ करायची रीत जेमतेम आलेली आणि महाग, आणि पायाने चालणारी हलकी गाडी तर नव्हतीच. घोड्याला दगडी रस्त्याचे हादरे बसोत न बसोत, तो तक्रार करत नाही. स्वतः पायडल मारणारा माणूस करतो.

तसंच बारकोडचं. वुडलँड आणि सिल्व्हर यांचं पेटंट १९५२ चं. वाचायला त्यांनी ५०० वॉटचा दिवा वापरला होता. लेसर आला १९६० मध्ये, स्वस्त चिप सत्तरीत. दुकानातली पहिली खरेदी बारकोडने झाली ती २६ जून १९७४ ला, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, च्युइंगम. बावीस वर्षं मुलगी दाखवायची राहिली होती असं नाही, नवरदेवच जन्माला यायचा होता.

शंकासुर, रविवार, सकाळी ९:००

टायरचं उदाहरण मान्य. बाकी नवरदेव वगैरे आवरा.

इंदूरी_भाऊ, रविवार, सकाळी १०:२०

अरे भिया, तुमच्या बडोद्यातच याहून भारी उदाहरण आहे आणि तुम्ही ओहायोला कशाला जाताय? डभोई ते मियागाम नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, १८६२, खंडेराव महाराजांच्या काळातली. रूळ टाकले, आणि गाडी ओढायला काय? बैल! रूळ इतके हलके की इंजिनाचं वजन झेपेना. १८७३ मध्ये जड रूळ टाकल्यावर मग वाफेचं इंजिन धावलं. म्हणजे इंजिनाचा शोध कधीच लागलेला, रूळही होते, पण दोघांची गाठ पडेना. अकरा वर्षं बैलांनी निभावून नेलं. त्या बैलांना कुठल्या जाळ्यात ठिपका देणार सांगा.

आणि सोयरिकीची दुसरी बाजू कोणी लिहिली नाही. एकदा नाती जास्त झाली की हलता येत नाही. आमच्याकडे तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी १ कोटी रुपये कर्ज दिलं, मीटरगेज (दोन रुळांत एक मीटर अंतर) झाली. त्या एका मापावर डबे, पूल, बोगदे, फलाट, कारखाने, सुटे भाग, मिस्त्र्यांची पिढी, सगळं उभं राहिलं. मग रुंदीकरण म्हटलं की रूळ बदलणं सोपं, बाकीची वरात हलवणं कठीण. माझं लहानपण महूची मीटरगेज धरण्यात गेलं, म्हणून मला तिचा राग नाही. पण चुकीचं माप असूनही एखादी गोष्ट दीडशे वर्षं टिकते ती शेजाऱ्यांच्या जोरावर.

कलाभवनी (बडोदा), रविवार, दुपारी १२:४०

मी रंगाई शिकवून निवृत्त झालो. लोखंडाचं तुम्ही सगळं बोललात, आता रंगाचं ऐका.

गावोगावी रस्त्यावर दिवे लावायला कोळशापासून गॅस काढायचे. मागे उरायचं डांबर. घाण, वास, कुठे टाकायचं हा प्रश्न. १८५६ मध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन त्या डांबरातल्या पदार्थांपासून कोयनेल, म्हणजे क्विनीन करू बघत होता. ते झालं नाही. भांडं धुताना जांभळा रंग हाती लागला. तिथून कृत्रिम रंगांचा धंदा. पुढे जंतूंचा अभ्यास करणाऱ्यांच्या लक्षात आलं की काही रंग सूक्ष्मदर्शकाखाली काही जंतूंनाच चिकटतात, बाकीच्या पेशींना नाही. जर्मन संशोधक पाउल एर्लिखचा विचार तिथून सुटला: जंतूला रंग चिकटतो, तर विष का नाही चिकटवता येणार? तिकडच्याच डोमाकने १९३२ मध्ये उंदरांवर ज्याची परीक्षा घेतली ते प्रोन्टोसिल मुळात लाल रंगच होता. ते पहिलं सल्फा औषध. दिव्याचा कचरा, त्यातून साडीचा रंग, त्यातून औषध. गॅसचा दिवा लावणाऱ्याला हे कोणी सांगितलं असतं तर त्याने वेड्यात काढलं असतं.

बडोद्यात हे घरबसल्या बघायला मिळतं. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, प्रमुख त्रिभुवनदास गज्जर. रसायनशास्त्रातला माणूस, रंगाईचा कैवारी. सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला, रंगाई एका छपराखाली. १९०७ मध्ये इथे अलेंबिक ही औषध कंपनी सुरू झाली, तिच्या उभारणीत गज्जर होतेच. रंगाईच्या वर्गापासून औषधाच्या कारखान्यापर्यंत जर्मनीत जो रस्ता होता तोच इथे, छोट्या मापात.

माझं म्हणणं एवढंच की सोयरिकीला मध्यस्थ लागतो. ल्युमिएरच्या डोक्यात कॅमेरा आणि शिलाई मशीन एकत्र आलं, कारण दोन्ही त्याच्या डोळ्यांसमोर होती. फोटोग्राफी, छपाई आणि यंत्रकाम एकाच आवारात बघितलेला विद्यार्थी पुढे सिनेमाकडे वळला, यात मला नवल वाटत नाही. आज आमच्याच इमारतीत एका विभागाचा माणूस दुसऱ्या विभागात चहालाही जात नाही. (हे निवृत्त माणसाचं कुरकुरणं आहे, सोडून द्या.)

पेटंट_वाचक, रविवार, दुपारी १:३०

कलाभवनी सर, १८५६ वरून आठवलं. त्याच वर्षी अमेरिकेत शिलाई मशीनवाल्यांचा तह झाला. सुईच्या नेढ्याचं पेटंट एलायस हाउकडे, दात्यांचं व्हीलर अँड विल्सनकडे, बाकीची सिंगरकडे आणि ग्रोव्हर अँड बेकरकडे. कोणा एकाला कायदेशीर मशीन करताच येईना. सगळे एकमेकांवर खटले भरून थकले, मग पेटंटं एका टोपलीत टाकली आणि प्रत्येक मशीनमागे वाटा ठरवला. १८७७ पर्यंत ते चाललं. म्हणजे मध्यस्थ कधी कधी वकीलही असतो.

आणि त्याच १८५६ मध्ये हिंदुस्थानात पेटंटचा पहिला कायदा आला. कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंगने पहिला अर्ज केला. कशासाठी? पंखा ओढायच्या यंत्रासाठी.

शंकासुर, रविवार, दुपारी १:४१

१८५६ मध्ये तीन गोष्टी झाल्या म्हणून आता ग्रह जुळले म्हणू नका.

पण एक खरंच विचारतो. टायर, बारकोड, बैलगाडीची रेल्वे, सगळीकडे तुम्ही 'शेजारी आला नव्हता' म्हणता. मग आज कुठला शोध शेजाऱ्याची वाट बघत बसला आहे ते सांगा. ते सांगता आलं तर मी मानतो.

पेटंट_वाचक, रविवार, दुपारी २:०५

सांगता येत नाही. ते सांगता आलं असतं तर मी पेटंट वाचत बसलो नसतो, घेत बसलो असतो.

थोडंफार एवढंच कळतं: एखाद्या सुट्या भागाची किंमत वेगाने पडायला लागली की त्याच्या आसपास जुनी, पडून राहिलेली पेटंटं परत उघडली जातात. विजेवर चालणाऱ्या मोटारी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रस्त्यावर होत्या. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली ती कॅमेरे आणि फोनसाठी, आणि त्यांच्या खपाने स्वस्त होत गेली. मोटारीने तिला मागणी घातली ती नंतर. पण हेही मी झाल्यावर सांगतोय, तुम्ही म्हणाल तसं.

शिवणवेडी, रविवार, दुपारी ४:१५

इंदूरी_भाऊंच्या बैलांवरून सांगते. माझ्या मशीनला आता मोटर आहे, तरी पायडल काढलेलं नाही. वीज गेली की वादी चढवायची आणि सुरू. नवीन आलं म्हणून जुनं लगेच घराबाहेर जात नाही.

काका, तो कट् आवाज गेला का? तुम्ही 'बसेल' लिहिलंत तेव्हाच मला शंका आली होती. मशीनमध्ये आवाज बसत नाही, वाढतो.

जुना_फिटर, सोमवार, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. शंकासुर, तुम्ही भांडलात म्हणून टायर आणि बैल निघाले. शेजारी कोण येणार हे आधी सांगता येत नाही, हे मला मान्य आहे. सोयरीक जुळवणाऱ्यालाही ते सांगता येत नाही, तो फक्त दोन्ही घरी जेवून आलेला असतो.

आता आवाजाचं. ताईंचं बरोबर निघालं. आज वाटी उघडली. कारखान्यात आम्ही छर्रे मोजून एकसारखे करत नव्हतो. दोन जाड तबकड्यांच्या मध्ये हजारोंनी घालायचे आणि घासत राहायचं. जो छर्रा मोठा, तो तबकडीचा दाब आधी अंगावर घेतो, म्हणून तोच जास्त झिजतो, आणि करत करत सगळे एका मापाला येतात. म्हणून पक्का नियम: एका खेपेत घासलेले छर्रे दुसऱ्या खेपेत मिसळायचे नाहीत.

मिस्त्र्याने काय केलं होतं? जुने बरे दिसणारे पाच तसेच ठेवले आणि गळाले तेवढेच नवे टाकले. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावला. नवे ३.९७ मिलिमीटर, जुने ३.९० च्याही खाली. सगळा भार नव्यांवर, आणि जुन्यांची पाळी आली की दांडा तेवढा खाली बसायचा. तोच कट्. मिस्त्र्याला दोष देत नाही, मी स्वतः समोर उभा होतो आणि सायकलचा इतिहास आठवत होतो.

उद्या सकाळी सायकलवाल्याकडून पूर्ण संच आणतो. आत्याने तोवर दोन उशांचे अभ्रे कापून ठेवले आहेत आणि मघापासून दोनदा विचारून गेली की तुझं लिहून झालं का.